शेफील्डला निघताना

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रवेश निश्चित झाल्याचे तुझ्या बाबांनी परवा फोनवर कळवले आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तू इंग्लंडमधल्या शेफील्डला निघणार असेही सांगितले. सामान, व्हिसा, बँकेचे खाते यांविषयी सांगणारे तुला पुष्कळ भेटतील आणि त्यांची माहिती माझ्यापेक्षा ताजी असेल. कारण मी त्या शहरात विजेच्या क्षेत्रातला अभियंता म्हणून राहिलो तो काळ १९८६ ते १९९७ चा. तेव्हा त्या बाबतीत मी गप्प राहतो. तू मात्र निरोपात विचारलेस की, "काका, तिथे बघण्यासारखे काय काय आहे?" या प्रश्नाचे उत्तर प्रवासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. ज्या गोष्टींमुळे लोकांना तो देश आवडू लागतो, त्या बहुतेक बघण्याच्या नसतातच. त्या रोजच्या, साध्या, काहीशा हास्यास्पदही असतात. आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीत नवख्या माणसाला शिरायला एक लहानशी जागा ठेवलेली असते. ती जागा कुठे आहे हे तिथे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवात चहापासून करतो, कारण तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशीच कोणीतरी तुला तो विचारणार. इंग्लंडच्या उत्तरेकडे चहाला 'ब्रू' म्हणतात. आपल्यासारखा तो उकळत नाहीत, आले-वेलची नाही. कपात पिशवी, तिच्यावर उकळते पाणी आणि शेवटी थोडेसे दूध, एवढाच प्रकार. पहिले सहा महिने मला तो आजाऱ्याच्या पथ्यासारखा लागत असे. पण चवीवर जाऊ नकोस. आमच्या कार्यालयात आठ जणांचा गट होता आणि त्यातला जो कोणी स्वतःच्या चहासाठी उठेल त्याने सर्वांना विचारून सर्वांचा चहा करायचा, हा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. कोणाला दूध किती, साखर किती, कोणाचा कप कोणता, हे सगळ्यांना पाठ होते. मी तीन आठवडे प्रत्येकाने आणून दिलेला चहा आभार मानून पीत राहिलो आणि एकदाही जागचा उठलो नाही. कारण कार्यालयात चहा आणायला वेगळा माणूस असतो, हे डोक्यात इतके पक्के बसले होते की चहा करणे हे माझे काम असू शकेल, असे मनातच आले नाही. कोणी एका शब्दाने बोलले नाही. चौथ्या आठवड्यात फक्त मला चहा विचारणे बंद झाले. शेवटी एका वयस्कर तंत्रज्ञाने, अगदी हवापाण्याविषयी बोलावे तशा सुरात, "किटली तिकडे आहे बरं का, लव्ह," असे सांगितले. (शेफील्डमध्ये पुरुषही पुरुषाला 'लव्ह' म्हणतात, दचकू नकोस, आपल्या 'बाबा रे'पेक्षा त्यात अधिक काही नसते.) त्या दिवशी मी आठ कप चहा केला, त्यातले पाच चुकले, आणि त्या दिवसापासून मी त्या गटातला झालो.

या चहाचा विजेशीही संबंध आहे आणि तो सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरले. मी तो सामना शेजाऱ्यांच्या घरी पाहत होतो. शेवटची पेनल्टी वाया गेली, क्षणभर कोणी बोलले नाही, मग घरातल्या आजी उठल्या आणि त्यांनी किटली लावली. त्याच मिनिटाला देशभर हेच घडत होते. राष्ट्रीय वीजजाळ्यावरची मागणी त्या वेळी एकदम सुमारे २,८०० मेगावॉटने वाढली. तिथली विजेची किटली अडीच-तीन किलोवॉटची असते, त्यावरून हिशेब केलास तर दहा लाखांच्या आसपास किटल्या एकाच वेळी लागल्यासारखे झाले. मालिका संपली किंवा सामन्याचे मध्यंतर झाले की असा चढ येतो, हे तिथल्या वीज नियंत्रण कक्षाला ठाऊक असते आणि त्यासाठी दूरदर्शनचे वेळापत्रक पाहून तयारी ठेवली जात असे. वेल्समध्ये डिनॉर्विग येथे डोंगराच्या पोटात १९८४ साली सुरू झालेले उदंचन जलविद्युत केंद्र आहे, आपल्या घाटघरला आहे त्याच जातीचे; रात्री पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवायचे आणि गरज पडताच काही सेकंदांत खाली सोडायचे. हे केंद्र केवळ चहासाठी बांधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण दुःखात, आनंदात, अपघातानंतर, अंत्यविधीनंतर किटली लावणारा देश हा असा आहे, एवढे त्यावरून ध्यानात येईल. तुझ्यासमोर कोणी रडत असेल आणि काय बोलावे ते सुचत नसेल, तर चहा करून आण. तिथे ते पुरेसे मानतात.

चहाच्याच बाबतीत एक व्यावहारिक सूचना. यॉर्कशरमध्ये, म्हणजे शेफील्ड ज्या परगण्यात आहे तिथे, 'टी' म्हणजे पुष्कळदा संध्याकाळचे जेवण, आणि 'डिनर' म्हणजे दुपारचे. "सहा वाजता टीला ये," असे कोणी म्हटले तर घरून जेवून जाऊ नकोस. मी गेलो होतो आणि समोर आलेले बटाटे, मटण आणि वाटाणे कसेबसे संपवले होते. याउलट चहाबरोबर 'बिस्किट' हे बिस्किटच असते, आणि ते बुडवून खाण्याबाबत आपण आणि ते यांच्यात काहीही अंतर नाही. त्यांच्याकडे हा विषय किती गांभीर्याने घेतात याचे उदाहरण म्हणजे १९९१ चा जाफा केकचा निवाडा. तिथे केकवर मूल्यवर्धित कर नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर मात्र आहे. तेव्हा संत्र्याचा मुरंबा घातलेला हा पदार्थ केक की बिस्किट, हा प्रश्न न्यायाधिकरणापुढे गेला. शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडते, हा मुद्दाही तिथे विचारात घेतला गेला, आणि निकाल केकच्या बाजूने लागला. पुण्याच्या श्रूजबेरी बिस्किटांचे नाव ज्या गावावरून पडले ते श्रूजबेरीही त्याच देशात आहे. तुझ्या सामानात दोन डबे असू देत. गटात पहिला आठवडा काढायला त्यांच्यासारखे साधन नाही.

आता रांग. इंग्रज रांग लावतात हे सर्वांना माहीत असते, पण त्या रांगेचा आत्मा कुठे आहे हे कळायला वेळ लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनासाठी थेम्सच्या काठाने जी रांग लागली, ती कधीकधी सोळा किलोमीटरपर्यंत वाढली होती आणि काही लोक चोवीस तासांच्या आसपास उभे होते. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमही त्यांच्यात बारा-तेरा तास उभा राहिला. क्रमांकाचे मनगटी पट्टे वाटले होते, त्यामुळे स्वच्छतागृहाकडे जाऊन आलेल्याला आपली जागा परत मिळे. रांगेत शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांची मैत्री झाली, एकमेकांना डबे दिले गेले. आपल्या वारीत दर्शनबारीत उभे राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पंढरपूरची बारी याहून जुनी आणि कितीतरी मोठी आहे. फरक एवढाच की तिथे बसथांब्यावर तीन माणसे असली तरी हीच वृत्ती असते. बसमधून उतरताना चालकाला 'थँक यू' म्हणायला विसरू नकोस. पन्नास उतारूंपैकी पंचेचाळीस जण म्हणतात.

पण खरी परीक्षा पबच्या गल्ल्यापुढे होते, कारण तिथे रांग दिसत नाही. माणसे लाकडी गल्ल्याला टेकून आडवी उभी असतात, कोणी हात वर करत नाही, कोणी नोट फडकावत नाही, आणि तरी आपल्या आधी कोण आले होते हे प्रत्येकाला ठाऊक असते. वाढणाऱ्याने चुकून तुझ्याकडे आधी पाहिले, तर "हे माझ्या आधी आहेत," असे शेजाऱ्याकडे हात करून सांग. मी सांगतो, हे एवढे एक वाक्य तुला त्या गावात दहा ओळखींपेक्षा अधिक उपयोगी पडेल. तू मद्य घेत नाहीस याची चिंता करू नकोस; लाइम-सोडा किंवा संत्र्याचा रस मागितल्यावर आजकाल कोणी भुवई उंचावत नाही. टेबलावर कोणी येऊन विचारेल अशी वाट मात्र पाहू नकोस. आणि चार जण एकत्र गेलात तर प्रत्येकाने आपापले पैसे देण्याची पद्धत नाही. एक जण सर्वांचे आणतो, मग दुसरा. त्याला 'राउंड' म्हणतात. पैशाचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही, पण कोणाचा राउंड राहिला हे वर्षभरानंतरही विसरत नाहीत. विद्यार्थिदशेत तुला ते महाग पडेल. तेव्हा सुरुवातीलाच "मी आज माझे माझे घेते," असे मोकळेपणाने सांगितलेस तर कोणी वाईट मानणार नाही. पहिल्या तीन राउंडांचे पिऊन चौथ्याच्या वेळी घरी निघणारा मनुष्य मात्र कायमचा लक्षात राहतो.

ज्या गोष्टीसाठी मी आजही त्या देशाचा ऋणी आहे ती गोष्ट म्हणजे पाऊलवाट. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता म्हणजे काय, हे तुझ्या आजोबांना विचार. गावाकडे पाणंद कोणी नांगरली किंवा बांध घालून अडवली की १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज जातो आणि दोन घराणी एकमेकांशी बोलेनाशी होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये या वहिवाटीचे रूपांतर सबंध देशाच्या सार्वजनिक ठेव्यात झाले आहे. सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर लांबीच्या अशा वाटा तिथे अधिकृत नकाशांवर नोंदलेल्या आहेत, आणि त्या कोणाच्याही खासगी शेतातून, कुरणातून, क्वचित अंगणाच्या कडेनेही जातात. जमीन शेतकऱ्याची, चालण्याचा हक्क सर्वांचा. वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने विनापरवानगी, उघडपणे आणि अडथळ्याविना चालत आले असतील, तर ती वाट लोकांना दिलेलीच आहे असे कायदा गृहीत धरतो. कुंपणावर माणसाने चढून उतरावे म्हणून लाकडी पायऱ्या असतात, किंवा मेंढी जाणार नाही पण माणूस वळून जाईल असे लहानसे फाटक असते. पहिल्यांदा मी अशा फाटकापाशी पाच मिनिटे घुटमळलो होतो. पलीकडे गाई चरत होत्या, दूरवर शेतकऱ्याचे घर होते, आणि आता कोणीतरी "कोण रे तिकडे?" म्हणून ओरडणार याची माझी खात्री होती. शेतकरी आला, त्याने हात हलवला, पाऊस येणार असल्याचे सांगितले आणि निघून गेला.

हा हक्क त्यांना कोणी आयता दिलेला नाही, आणि ती कथा तुझ्या शहराच्या उशालाच घडलेली आहे. शेफील्डच्या पश्चिमेला पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आहेत. शहराच्या हद्दीचा साधारण तिसरा हिस्सा त्या राष्ट्रीय उद्यानातच मोडतो. त्यातले किंडर स्काउट हे पठार ६३६ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण वर पोचल्यावर काळ्या दलदलीच्या मातीचा आणि वाऱ्याचा असा पसारा लागतो की उंची विसरायला होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे सारे माळ जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवले होते, वर्षातले मोजके दिवस बंदुका चालत आणि उरलेले दिवस राखणदार लोकांना हाकलत. खाली शेफील्ड आणि मँचेस्टरमध्ये पोलादाच्या आणि कापडाच्या गिरण्यांत सहा दिवस धूर खाणारे कामगार रविवारी त्याच डोंगरांकडे पाहत. शेफील्डचा जी. एच. बी. वॉर्ड हा पोलाद कारखान्यातला अभियंता आणि कामगार चळवळीतला माणूस. त्याने १९०० साली कामगारांचा भटक्यांचा संघ काढला आणि पहिलीच सहल किंडरभोवती नेली. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे लोक हेफील्डच्या बाजूने मनाई मोडून वर चढले, शेफील्डकडचा एक गट ईडेलच्या बाजूने येऊन त्यांना मिळाला. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, रॉथमनला चार महिन्यांची. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानंतर दोनच वर्षांनी घडलेली ही गोष्ट मी वाचली तेव्हा इंग्लंडमध्येही कोणालातरी कायदा मोडून आपल्याच डोंगरावर जावे लागले होते, याचे मला फार आश्चर्य वाटले होते.

१९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे त्यातले पहिले उद्यान ठरले, ईडेलहून निघून उत्तरेस स्कॉटलंडच्या सीमेपार जाणारी पेनाइन वे ही ४३० किलोमीटरची वाट १९६५ मध्ये खुली झाली, आणि उघड्या माळांवर वाट सोडूनही फिरण्याचा हक्क थेट २००० सालच्या कायद्याने मिळाला. मनाई मोडली गेली त्या घटनेच्या सत्तराव्या वर्षी, २००२ मध्ये, ज्यांच्या आजोबांची ती जमीन होती त्या ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी समारंभात येऊन जाहीर दिलगिरी व्यक्त केली. मला हे सगळे आवडते. पण त्याहून आवडते ते हे की आज तिथे रविवारी चालणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांना यातले काही आठवतही नसते. ती कुत्रे घेऊन, डबा घेऊन, पावसातच चालत असतात. समोरून येणारा प्रत्येक जण तुला 'मॉर्निंग' म्हणेल. शहरातल्या रस्त्यावर तोच मनुष्य नजर चुकवील. डोंगरावर बोलायचे, शहरात नाही, हा नियम का आहे ते मला अकरा वर्षांत उमगले नाही.

शेफील्डहून ईडेलला आगगाडीने अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पाऊस नसेल त्या दिवसाची वाट पाहू नकोस. वाट पाहिलीस तर पदवी घेऊन परत येशील तरी जायची राहशील. सह्याद्रीत चढलेल्या मुलीला चढण कठीण नाही, मात्र वरचे धुके फसवे असते. होकायंत्र ने आणि एकटी जाऊ नकोस.

बोलण्याविषयी थोडेसे. तिथली माणसे कमी बोलतात असे नाही, ती कमी करून बोलतात. 'नॉट बॅड' म्हणजे उत्तम. 'क्वाइट गुड' म्हणजे, बोलणारा वरिष्ठ असेल तर, फारसे बरे नाही. तुझ्या प्रबंधावर मार्गदर्शकांनी 'इंटरेस्टिंग' असा शेरा मारला तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घे. कोणी तुझ्या पायावर पाय दिला तर तू आणि तो दोघेही 'सॉरी' म्हणाल. "एकदा घरी जेवायला या," हे आमंत्रण तारखेवाचून असेल तर ते नुसते सदिच्छा दाखवणे असते, आणि पुण्यात वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. हवामानावर बोलणे कंटाळवाणे समजू नकोस. ते हवामानाविषयी नसतेच. दार उघडे आहे का हे पाहण्याची ती टकटक असते, आणि तिचे उत्तर नेहमी होकारार्थी द्यायचे. "आज गारठा आहे," याला "मला तर ठीक वाटते," हे उत्तर उद्धट ठरते.

डिसेंबरमध्ये पावणेचार-चार वाजताच अंधारून येईल आणि मन उदास होईल. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण मला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या हिवाळ्यात मला रात्री झोप येत नसे आणि मी रेडिओ लावून पडत असे. बीबीसीच्या रेडिओ ४ वर मध्यरात्रीनंतर समुद्राचे हवामान सांगतात, ब्रिटिश बेटांभोवतीच्या एकतीस विभागांचे, एका ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शब्दांत, कसलीही घाई न करता: वायकिंग... फोर्टीझ... डॉगर, फिशर, जर्मन बाइट... वाऱ्याची दिशा, जोर, पाऊस, दृश्यमानता. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी होडी पाण्यात घातलेली नसते. तरीही हे निवेदन लोकांना अंगाईसारखे प्रिय आहे. त्यातल्या एका विभागाचे नाव २००२ पासून फिट्झरॉय आहे. हा रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे ज्या बीगल जहाजावर डार्विन होता त्याचा कप्तान. १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर शेकडो माणसांसह बुडाले, त्यानंतर त्याने बंदरांना तारेने वादळाचा इशारा देण्याची पद्धत १८६१ मध्ये सुरू केली. आपल्या कोकणातल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो, तो त्याच विचारपरंपरेतला. अंधाऱ्या खोलीत, घरापासून सात हजार किलोमीटरवर, कोणातरी अनोळखी मच्छीमारासाठी वाचले जाणारे ते शब्द ऐकताना मला पहिल्यांदा वाटले की इथे आपला निभाव लागेल.

आणखी लहानसहान पुष्कळ आहे. दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांतून गरम कोट घे. नवा घेण्याची चैन करू नकोस. १९०८ च्या कायद्यान्वये नगरपालिका नागरिकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देतात, त्यांना 'अलॉटमेंट' म्हणतात. त्यांचे माप आजही 'रॉड' या जुन्या एककात मोजतात आणि प्रतीक्षायादी लांब असते, पण ज्याच्याकडे तुकडा आहे त्याला ऑगस्टमध्ये मदतीचा हात हवाच असतो, आणि मोबदल्यात घोसावळ्याएवढ्या काकडीसारख्या भाज्या इतक्या मिळतात की तूच त्या वाटत सुटशील. मी २०१९ मध्ये पुन्हा शेफील्डला गेलो तेव्हा शनिवारी सकाळी नऊ वाजता एंडक्लिफ पार्कमध्ये शेकडो माणसे पाच किलोमीटर धावत होती. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंनिशी सुरू झालेला हा उपक्रम आहे. शुल्क नाही, आणि सारी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. तुला धावायचे नसेल तर स्वयंसेवकाचे जाकीट घालून वळणावर उभी राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना टाळ्या वाजव. मी तेच केले. यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयही विनामूल्य आहे, तिथे १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारे मॅलर्ड इंजिन उभे आहे; तुझ्या बाबांना त्याचा फोटो पाठव, बाकी मी काही सांगत नाही.

हे सर्व वाचून काका इंग्रजाळले असे तुला वाटेल, म्हणून दोन शब्द. त्या चहाच्या मळ्यांत कोणी राबले, त्या सुबत्तेत कोणाचा वाटा होता, हे विसरून मी ते घोट घेतले नाहीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापकी केलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेले, आणि हिंदुस्थानातल्या राजवटीवर त्यांनी लावलेले विशेषण होते 'अन-ब्रिटिश'. रांगेतला न्याय, वहिवाटीचा हक्क, दुसऱ्याचा कप लक्षात ठेवण्याची सवय ज्यांना घरी ठाऊक होती, त्यांनी बाहेर ती पाळली नाही, हा त्या शब्दातला डंख आहे. आणि आज ज्याला ब्रिटिश म्हणतात त्यातले किती मूळचे? तळलेला मासा ज्यू निर्वासितांनी आणला, 'करी हाउस'चे स्वयंपाकी पिढ्यान्‌पिढ्या सिल्हेटचे, आणि लंडनमध्ये पहिले हिंदुस्थानी उपाहारगृह १८१० साली काढले ते पाटण्याच्या दीन महंमद यांनी. म्हणून तिथे पाहुणीसारखी कडेला उभी राहू नकोस. कांदेपोहे कर, गटाला खाऊ घाल. पुढच्या महिन्यात ते मागून घेतील.

सोबत दोन वस्तू पाठवत आहे. एक, प्लगचा अडॅप्टर. आपल्या भिंतीवरचे गोल पिनांचे सॉकेट ही जुनी ब्रिटिश पद्धतच आहे. त्यांनी १९४७ नंतर चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग घेतला आणि आपण जुनाच ठेवला, त्यामुळे त्यांच्याच वारशाचा चार्जर त्यांच्या भिंतीत बसत नाही. दुसरी वस्तू म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशासंस्थेचा डार्क पीकचा, म्हणजे किंडरकडच्या डोंगरांचा, नकाशा, १:२५,००० चा. घड्यांवर तो फाटला आहे आणि मागच्या बाजूला चहाचा डाग आहे. हिरव्या तुटक रेषा म्हणजे पाऊलवाटा. ईडेलपासून जेकब्ज लॅडरपर्यंतची वाट मी पेन्सिलीने गडद केली आहे, आणि कडेला मी ज्या ज्या दिवशी वर गेलो त्या तारखा आहेत. शेवटची १७ ऑगस्ट १९९७ ची. तिच्याखाली जागा आहे.

तुझा,
काका

ता. क. अडॅप्टर दोन ने. एक कोणीतरी उसना नेईल.